कर्जतचा बँकर, पण आठ फुटांत

शनिवार, रात्री

घरी मॉडेल रेल्वे मांडायचीय, तिच्यासाठीचा प्लाय आला एकदाचा. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून आठ बाय चारचा १२ एमएमचा एक शीट घेतला आणि तिथेच उभा चिरून घेतला, म्हणजे आठ बाय दोनचे दोन बोर्ड. अख्खा शीट आमच्या लिफ्टमध्ये शिरत नाही आणि जिन्याच्या वळणावर तर नक्कीच अडकला असता, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला असता तो वेगळाच. मागच्या खोलीत भिंतीला लागून इंग्रजी एलसारखे लावायचे. बायकोची अट एवढीच की इस्त्रीचं टेबल आणि गाद्या हलणार नाहीत, त्यामुळे बोर्डची उंची गाद्यांवरून ठरलीय.

बाबांनी टेप घेऊन दोन फुटांची रुंदी मोजली आणि म्हणाले, अरे यात गाडी वळणार कशी? बरोबर आहे त्यांचं. बाजारात मिळणारा सगळ्यात टाइट तयार ट्रॅक साधारण ३६ सेंटीमीटर त्रिज्येचा असतो, म्हणजे पूर्ण गोलाला ७२ सेंटीमीटर आणि वर कडेला थोडी जागा, आणि दोन फूट म्हणजे ६१. म्हणलं बाबा, वळणारच नाहीये. जाईल आणि परत येईल. त्यांचा चेहरा पडला, कारण त्यांच्या डोक्यात मॉडेल रेल्वे म्हणजे कोथरूडचं भाऊ जोशींचं म्युझियम. ते १९९८ मध्ये उघडलं तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबा तिकडे नेतात. ते आहेच भारी, सगळं शहर, एकावेळी कितीतरी गाड्या, मी आजही गेलो की शेवटपर्यंत हलत नाही. पण तिथून परतलेल्या घरांमध्ये काय होतं तेही बघितलंय, फरशीवर एक गोल ट्रॅक मांडतात, गाडी गरागरा फिरते, पोरं खूश, आणि पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत तो खोका माळ्यावर जातो. कारण फिरणाऱ्या गाडीला काही कामच नसतं ना. ती कुठे थांबत नाही, कुणाची वाट बघत नाही, फिरते नुसती.

मला अशी जागा हवी होती जिथे गाडीला थांबावंच लागतं. आणि पुण्याच्या माणसाला ती जागा शोधायला लागत नाही. मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबते, लोक वड्यासाठी दाराकडे धावतात, आणि तेवढ्यात मागून एक हलका धक्का बसतो. बँकर लागले, म्हणजे मागून ढकलायची जादा इंजिनं. पुढे पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्यापर्यंतचा बोर घाट, ३७ फुटांना एक फूट असा चढ, पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही म्हणून मागून दोन-तीन इंजिनं ढकलतात आणि वर लोणावळ्याला सुटून परत खाली येतात. १८६३ मध्ये हा घाट उघडला तेव्हापासून गाड्या इथे धापा टाकतायत. म्हणजे बघा, गाडी येणार, थांबणार, मागून इंजिनं येणार, लागणार, सगळं मिळून वर जाणार, मग नुसती इंजिनं परत खाली येणार. गोल लागतच नाही याला. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला डोंगर, बास.

रविवार

आज एकही खिळा ठोकला नाही, नुसतं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पण बरेच महिने चाललेला स्केलचा घोळ आज संपवला.

जगभर सगळ्यात जास्त चालतो तो एचओ, १:८७, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, आणि त्याचा ट्रॅक (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमीचा. तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिमी गेजवरून आलाय, १४३५ भागिले ८७, हिशोब चोख. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. म्हणजे एचओच्या रुळांवर आपला नेहमीचा आयसीएफ कारखान्याचा डबा बरोबर मापात करून ठेवला तर खालचे रूळ जवळपास तीन मिमीने अरुंद, डबा रुंद आणि पाय बारीक, ज्याने आयुष्यभर पुणे स्टेशनचे प्लॅटफॉर्म बघितलेत त्याला ते लगेच खुपतं. बहुतेक लोक म्हणतात चालतंय, डोळेझाक करा. मला नाही जमत.

आता तोच १६.५ चा ट्रॅक ठेवायचा आणि स्केल १:१०० करायचं. १६७६ चे झाले १६.७६. पाव मिमीचा फरक, तो कुणाच्या बापाला दिसत नाही. रूळ, चाकं, मोटर, चासी सगळं एचओचं बाजारातलंच, फक्त वरची बॉडी आपल्या मापाची. आपल्या इंजिनांच्या बॉड्या तशाही सहज तयार मिळत नाहीत, थ्रीडी प्रिंट करून घ्यायच्याच आहेत, मग ८७ ने भागा नाहीतर १०० ने, प्रिंटरला काय फरक पडतो. शिवाय एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर, सगळे हिशोब तोंडी. डबा २१.३ मीटरचा, म्हणजे २१.३ सेंटीमीटर. पाच डबे, पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर, सगळं मिळून पावणेदोन मीटरच्या आत, आणि माझा बोर्ड २४४ सेंटीमीटरचा. खऱ्या गाडीला पाच डबे म्हणजे चेष्टाच आहे, पण वीस डबे केले तर गाडीचं शेपूट स्वयंपाकघरात जाईल.

आणि सगळ्यात मोठा फायदा लक्षात आल्यावर तर मी खुर्चीतून उठलोच. १:१०० हे आर्किटेक्ट लोकांचं स्केल! पुण्यात आर्किटेक्चरची एवढी कॉलेजं आहेत, त्या पोरांसाठी मॉडेलचं सामान ठेवणारी दुकानं आहेत, तिथे १:१०० ची झाडं, दिव्याचे खांब, माणसं पाकिटात मिळतात. परदेशातून मागवायची गरज नाही. फक्त ती माणसं सगळी ऑफिसला निघालेली असतात, हातात बॅग, ताठ उभी. वड्याची टोपली घेतलेला एकही नाही. लेकीने (आठवीत आहे, ब्रश तिचा माझ्यापेक्षा बरा चालतो) ते काम अंगावर घेतलंय, बॅग कापून टोपली चिकटवायची.

घाटाच्या उंचीचा हिशोब पण करून बघितला, उगाच. कर्जत ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे १:१०० मध्ये साडेपाच मीटर. वरच्या काकूंच्या फ्लॅटमधून गाडी काढायला लागेल. माझ्या दुसऱ्या बोर्डवर खरा १:३७ चा चढ ठेवला तर पूर्ण लांबीत चढते साडेसहा सेंटीमीटर. तेवढाच घाट. अर्ध्यावर बोगदा, बोगद्याच्या मागे लपवलेला ट्रॅक, आणि त्याच्या पुढे कपाटाच्या बाजूने एक सुटी फळी, ती म्हणजे लोणावळा. कर्जतच्या प्लॅटफॉर्मला लागून बोगदा नाही हे मला माहितीये, कुणी सांगू नका. मधली पळसदरी मी गिळलीय.

गुरुवार

ऑफिसमधून आल्यावर फक्त सोल्डरिंग. बोर्डखाली दोन जाड वायरी आडव्या टाकल्यात आणि ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यावरून वेगळी बारीक वायर दिलीय. जोडाच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवायचा नाही, पावसाळ्यात पुण्याची हवा अशी असते की त्या काळ्या पडतात आणि गाडी बरोबर पाहुण्यांसमोर थांबते. मान आखडली. झोपतो.

शनिवार

बुधवार पेठ, तपकीर गल्ली. गाडी लांब लावून चालत गेलो, दुसरा इलाज नाही.

साध्या डीसी कंट्रोलरवर माझं काम होणार नव्हतं. त्यात रुळांत जेवढे व्होल्ट सोडू तेवढी त्या ट्रॅकवरची सगळी इंजिनं एकदम पळतात. मला तर पुढचं इंजिन उभं ठेवून मागचा बँकर हळूच आणायचाय. म्हणून डीसीसी. यात रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच आकड्यांत हुकूम जातात, प्रत्येक इंजिनात एक डिकोडर बसवलेला, तो फक्त स्वतःच्या नंबरचा हुकूम ऐकतो. तयार कंट्रोलर महाग पडतो, पण डीसीसी-ईएक्स म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आर्डुइनो मेगा हा प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड आणि त्यावर बसणारं एक मोटर शील्ड यांच्यावर चालतं, दोन्ही या गल्लीत मिळतात. दुकानदाराने विचारलं कॉलेज प्रोजेक्ट का, मी हो म्हणलं. चाळिशीतल्या माणसाला कॉलेज प्रोजेक्ट का विचारणारा माणूस देव असतो.

येताना बोहरी आळीतून लोखंडी नट घेतले, वजनावर. डब्यांत भरायला. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए या संस्थेची शिफारस आहे की एचओच्या ट्रॅकवरच्या डब्याचं वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं, माझ्या डब्याला ते दीडशे ग्रॅमच्या आसपास येतं. प्रिंट केलेला रिकामा डबा त्याच्या निम्मा पण नाही. एरवी इतकं काटेकोर राहिलं नाही तरी चालतं, पण इथे मागून ढकलायचंय, हलका डबा मध्ये सापडला की वळणावर सरळ बाहेर फेकला जातो.

रविवार

डोंगर!! आज बाबा एकदम फॉर्मात. कारण डोंगर म्हणजे किल्ला, आणि किल्ल्यात त्यांच्यापुढे कोण बोलणार. दिवाळीत आम्ही वाड्यात विटा-दगड रचून त्याच्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचो, वर माती थापून अळीव पेरायचे. परदेशातले लेआउटवाले डोंगर करतात ती पद्धत याहून वेगळी नाहीये, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी आणि त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड. बाबांचा आग्रह गोणपाटाचाच, पण त्याची वीण १:१०० ला फार जाड दिसते, शेत नांगरल्यासारखी. मी मेडिकलमधून पीओपीचं बँडेज आणलं, पाण्यात बुडवलं की झालं, कोपऱ्याकोपऱ्यात बसतं. मेडिकलवाला विचारतो कुणाचं काय मोडलं. बँडेजची कल्पना बाबांना आवडली पण कबूल केलं नाही, नुसतं “सुकल्यावर बघू” म्हणाले आणि पुढचे चार रोल स्वतः लावले.

खडीवर मात्र माझंच चाललं. मॉडेलवाल्यांची तयार खडी मिळते ती करडी, नाहीतर पिवळट. आपल्याकडे रुळांखाली काळाकुट्ट बसाल्ट असतो, आणि तो फुकटात समोरच्या बिल्डिंगच्या साइटवर क्रश सँड म्हणून पडलाय. वॉचमनकाकांना विचारून पिशवीभर आणली, धुतली, दोन चाळण्यांतून काढली. खरी खडी साधारण ५० मिमीची, म्हणजे मला अर्धा मिमीच्या आसपासचे दाणे हवेत, पीठ खाली गेलं पाहिजे आणि खडे वर राहिले पाहिजेत. चाळण्या नवीन आणल्या, घरातल्या नाही, हे इथे लिहून ठेवतो कारण बायको कधीतरी वाचेल. रुळांमध्ये ब्रशने पसरायची, वर पाण्याचा फवारा, मग पातळ केलेला फेव्हिकॉल आणि त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसेल तर फेव्हिकॉल वरच गोळा होऊन बसतो, आत मुरतच नाही.

ओल्या खडीचा तो रंग बघून बाबा म्हणाले, हां, आता कर्जत वाटतंय. स्टेशन अजून बांधलेलंही नाही.

मंगळवार

बँकर चालले. दोन्ही बँकर म्हणजे सत्तरच्या दशकात चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ जातीची विजेची इंजिनं, कारण मी लेआउटसाठी पकडलाय तो काळ लाल-तपकिरी डब्यांचा. संध्याकाळ सगळी त्यांचा वेग जुळवण्यात गेली. डिकोडरमध्ये सीव्ही म्हणून आकडे असतात, सीव्ही २ म्हणजे सुटतानाचा जोर, ५ म्हणजे सगळ्यात जास्त वेग, ६ मधला. बँकर पुढच्यापेक्षा जोरात निघाला तर डबे मध्ये चेपतात, फार हळू ठेवला तर तो नुसता ओढला जातो, मग त्याला लावलाच कशाला. पुढच्यापेक्षा अगदी किंचित कमी ठेवला की मधल्या कपलिंगा अर्ध्या ताणलेल्या अर्ध्या दाबलेल्या दिसतात आणि गाडी चढावर एका चालीने जाते. खऱ्या घाटात हे दोन ड्रायव्हर शिट्ट्या देऊन एकमेकांशी जुळवतात, पाऊस, धुकं, बोगदे, मधे अख्खी गाडी, पुढच्याला मागचा दिसतही नाही. आकडे टाकताना सारखं तेच डोक्यात येत होतं, मी खुर्चीत बसून तीन सीव्ही बदलतोय आणि तरी मला घाम.

लेक म्हणाली, बाबा धक्का नीट नाही बसला. म्हणजे बँकर फारच अलगद येऊन लागला. तिला तो लागल्यावर डबे थोडेसे हलायला हवेत. परत केलं, जरा जोरात. हलले. आता प्रत्येक वेळी तसंच करायचं असं ठरलंय.

आता वाद उरलाय तारेचा. वर ओव्हरहेड तार ओढायची की नाही. माझं म्हणणं नुसते खांब उभे करू, तार लावली की रूळ पुसायला हात घातला की ती तुटणार, आणि इथे रूळ पावसाळ्यात सारखे पुसायला लागतात. बाबा ऐकत नाहीत. म्हणतात कर्जत-पुणे लाईनवर १९३० पासून विजेची गाडी आहे, डेक्कन क्वीन त्याच वर्षीची, आणि तू तारेशिवाय इंजिनाच्या टपावरचा पँटोग्राफ वर करून कुणाला दाखवणार? मुद्दा आहे त्यांचा. मधला मार्ग म्हणून स्टेशनच्या बोर्डवर खरी तार आणि घाटाच्या बोर्डवर नुसते खांब असं मी सुचवलं, त्यावर ते म्हणाले म्हणजे नेमकी चढावर लाईट जाणार. अजून ठरलं नाही. शनिवारी बारीक फॉस्फर ब्राँझची तार कुठे मिळते ते बघून येतो, मिळाली तर बाबा जिंकले.