बैलाले जू नाही, गाडीले सेल्फ नाही

आईचं माहेर दिग्रस तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही कारण तिथले पोरं हे वाचतात अन् मग फोन करून परत चिडवतात.

दरवर्षी पोळ्याला जायचं ठरते अन् दरवर्षी राहून जाते. २०२४ ला पोळा आला २ सप्टेंबरला, सोमवारी, म्हणजे एकदोन सुट्ट्या टाकल्या की झालं. आईनं आठ दिवस आधीच इतवारीतून मामाच्या जोडीसाठी लाल झूल आणून ठेवली, आरसे लावलेली. निघायचं होतं रविवारीच, पण रविवारी पाऊस जो लागला तो लागलाच, तिकडे परभणी-हिंगोली-नांदेड अन् इकडे यवतमाळचा खालचा भाग, सगळं झोडपून काढलं. मामा फोनवर म्हणे आज नोको येऊ, नाले भरले. म्हणून सोमवारी पहाटे पाचला नागपूर सोडलं. मी अन् आई दोघंच, बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी.

बुटीबोरीवरून तुळजापूरकडे जाणारा ३६१ नंबरचा हायवे आता इतका मस्त झाला की वर्धा, देवळी कधी गेलं कळलंच नाही. वर्धा नदी दोन्ही काठ भरून, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची. कळंबला चिंतामणीला गाडीतूनच हात जोडले (उतरून दर्शन घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं असं आईचं आजही म्हणणं आहे). यवतमाळला चहा, मग दारव्हा. दारव्ह्याला आईची शकुंतला सुरू झाली, म्हणजे ती मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी गाडी, तिच्यात बसून माहेरी कसं यायचो, गाडी इतकी हळू की माणूस उतरून बोरं तोडून परत चढे वगैरे. शंभरदा ऐकलं आहे, तरी मी हो हो म्हणत होतो. दोन्ही बाजूला कपाशी अन् सोयाबीन, सोयाबीनच्या तासातासात पाणी साचलेलं. काळी माती एकदा फुगली की पाणी पितच नाही, वरचं सगळं सरळ नाल्यात.

गावाच्या दीडेक किलोमीटर अलीकडे रपटा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, रपटा म्हणजे खाली पाइप टाकून वर सिमेंट ओतलेला बुटका पूल, कठडा-बिठडा काही नाही. हा नाला पुढे अरुणावतीला मिळते, अन् नदीच तुडुंब असल्यानं नाल्याच्या पाण्याला जायला जागा नव्हती, फुगवटा मागे आलेला. त्यामुळे पाणी वाहताना दिसतच नव्हतं, तळ्यासारखं गप्प पडलेलं. पलीकडच्या काठावर आठदहा जण बैल धूत होते. माझ्या समोर एक मोटरसायकलवाला दोन्ही पाय वर करून निघून गेला अन् मला वाटलं आपली तर चारचाकी.

आई म्हणाली, "उमरखेडची एसटी आठवते ना?" २०२१ च्या सप्टेंबरात दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली होती, माणसं गेली होती, आमच्या भागात ते कोणीच विसरलेलं नाही. मी काय म्हणावं? "अगं ते वाहतं पाणी होतं, हे थांबलेलं आहे." आता लिहितानाही लाज वाटते. फूटभर वाहत्या पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते हे मला माहीत होतं, फक्त त्या वेळी ते दुसऱ्या कोणाच्या गाडीबद्दल आहे असं वाटत होतं.

पहिला गिअर टाकला, रेस सोडली नाही. अर्ध्यापर्यंत सगळं बरोबर. मग डाव्या बाजूचं सिमेंट रात्री उखडून गेलं होतं ते पुढच्या चाकाला सापडलं, गाडीनं नाक खाली घातलं, बॉनेटवरून पाण्याची एक लाट काचेवर आली, इंजिन दोनदा खोकललं अन् बंद.

गाडी बंद पडल्यावर इतकी शांतता होते हे मला माहीत नव्हतं. मग दाराच्या रबरातून चुळचुळ आवाज सुरू झाला अन् पायाला गार लागलं. सगळ्यात आधी खिडक्या खाली केल्या, करंट आहे तोवर काच उतरते, नंतर बसा ठोकत. अन् मग हात आपोआप चावीकडे. खरंच सांगतो, डोक्यानं काही ठरवलंच नव्हतं, बोटं आपली चावीवर.

तेवढ्यात काठावरून एक जण ओरडला, "चाबी काढ! सेल्फ नोको मारू बे! चाबी काढून खिशात ठेव!"

ते गावातले मिस्त्री निघाले. मोटरपंप, मोटरसायकल, ट्रॅक्टर, जे येईल ते दुरुस्त करणारे. स्वतःचा बैल अर्धा धुतलेला सोडून ते पाण्यातून चालत आले. बाकीच्यांचं मात्र काठावरून चालूच, "एकदा मारून तर पाह्य ना, लागते कधी कधी." "पेट्रोल गाडी हाय, लागीन." असा सल्ला देणारे प्रत्येक गावात असतातच अन् अडचण अशी की त्यांचं कधीमधी खरंही होते.

आतबाहेर पाणी सारखं झाल्यावर दार उघडलं. सीटची गादी खालून भिजलेली. आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग झूल पिशवीतून काढून घडी करून डोक्यावर ठेवली अन् दोन पोरांच्या खांद्यांना धरून उतरली. पर्स गाडीतच, मोबाइल गाडीतच. झूल कोरडी.

आता गाडी ओढायची कशानं? ट्रॅक्टर होता, पण ट्रॅक्टरवाला आदल्या संध्याकाळी तालुक्याला जाऊन तिकडेच अडकलेला. विमा कंपनीच्या मदतवाल्यांना फोन केला तर म्हणे रस्ता मोकळा झाला की गाडी पाठवू. अन् काठावर सोळा बैल उभे, एकेक असा की गाडी खेळण्यासारखी ओढून नेईल. मी मामेभावाला हळूच म्हटलं, जोडी लावली तर? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवळात चपला घालून गेलो. आदल्या रात्री बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणून झालेलं होतं. पाहुण्याच्या खांद्यावर जू कसं ठेवणार?

मिस्त्री म्हणाले, "आज बैलाले जू नाही, तसा याले सेल्फ नाही. याचाबी पोळाच समज."

मग माणसांनीच ओढली. न्यूट्रल टाकून, पुढच्या हुकाला दोर बांधून, चौदा-पंधरा जण, अर्धे मागून ढकलत. अन् तिथून मामाच्या गोठ्यापर्यंत टोचन, म्हणजे तेच माणसांचं. दार उघडल्यावर आतून पाण्याबरोबर एक बोटभर मासोळी पडली, ती पोरांनी लगेच हातात घेतली.

मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली अन् एअर फिल्टरचा डब्बा उघडला. फिल्टर धुतलेल्या पोछ्यासारखा, खाली वाटीभर गढूळ पाणी अन् एक पळसाचं पान. ऑइलची काडी काढून बोटावर घासली, वासही घेतला. ऑइल काळंच होतं, चहासारखं ढवळं झालं नव्हतं, लेव्हलही वाढलेली नव्हती. "वाचलं वाटते," म्हणाले, "पन उद्या पाहू."

मी विचारलं, एकदा सेल्फ मारला असता तर एवढं काय? त्यांनी गोठ्यातली ढोराच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज आणली, हवा भरली, तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या ढकलला, आत गेला. मग बादलीतलं पाणी भरलं. "आता ढकल." मी दोन्ही हातांनी जोर लावला, दट्ट्या इंचभर हलला नाही, अंगठा मात्र दुखला. इंजिनात पिस्टन हवेला दाबून दहाव्या हिश्श्यावर आणते, पाण्याला दाबता येत नाही, अन् सेल्फ जोर लावतच राहते तर मग पिस्टनखालचा रॉड वाकते. त्यात इंजिन चालू असताना पाणी ओढलं तर अजूनच वाईट. याला हायड्रोलॉक म्हणतात हे मी नंतर वाचलं, पण समजलं ते त्या सिरिंजनं.

संध्याकाळी पोळा भरला, आंब्याच्या पानांचं तोरण, गेरूचे ठिपके, बेगड, वाजंत्री. मामाच्या जोडीवर लाल झूल, आरसे चमकत. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची तुकबंदी, सुरू झाल्या अन् माझ्या मामेभावानं, ज्याच्या घरी मी जेवणार होतो त्यानं, ठोकून दिली:

नाला गेला फुगून, गाडी गेली बुडून
नागपूरचा पाव्हना आला खिडकीतून उडून
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सगळा पोळा हसला. आईसुद्धा.

रात्री पुरणपोळी, वडे, कढी. मला झोप नाही.

सकाळी मिस्त्री टी-पाना घेऊन हजर. चारही कॉइल काढल्या, चारही प्लग काढले. दुसरा अन् तिसरा ओला. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला म्हणजे फवारा उडणार नाही. मग खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं, एक चक्कर, दोन चक्कर, कुठंच अडलं नाही. मी श्वास सोडला. मग बॅटरी जोडली अन् म्हणाले, "आता मार, पन बाजूले हून." दुसऱ्या भोकातून पाण्याची पिचकारी थेट गोठ्याच्या पत्र्याला लागली. चारपाचदा असं केलं, शेवटी नुसती हवा. भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं, प्लग चुलीजवळ वाळवले, फिल्टर नवा मिळेपर्यंत डब्बा पुसून रिकामा, जुनं ऑइल खाली अन् दिग्रसवरून मागवलेलं नवं भरलं. अकरा वाजता गाडी लागली, सायलेन्सरमधून पांढरा धूर अन् पाणी. अर्धा तास नुसती चालू ठेवली, ब्रेक दाबून दाबून वाळवले.

नागपूरला आल्यावर ऑइल परत बदललं, गिअरबॉक्सचंही, सीट काढून फोम वाळवला, तरी पाऊस आला की गाडीला अजून नाल्याचा वास येतो. अन् विम्याचे कागद पहिल्यांदा नीट वाचले. पाण्यात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून इंजिन फुटलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागते. माझ्याकडे नव्हतं.

मिस्त्रींनी पैसे विचारले तर "दे काय द्याचं ते" म्हणाले. दिले, त्यांनी न मोजता खिशात टाकले. तोवर अंगणात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या लहानग्यांच्या पोळ्याचे, पोरं जमलेले, लाकडी बैलांना चाकं, गळ्यात घुंगरू. एका पोरीनं आपला बैल माझ्या गाडीच्या बंपरला लावून उभा केला अन् म्हणे, "हा बी चाकाचाच बैल हाय. याचा बी बोजारा पाह्यजे." बोजारा म्हणजे पोळ्याचे पैसे.

डॅशबोर्डच्या कप्प्यात दहा-दहाच्या नोटा होत्या, टोलसाठी ठेवलेल्या, अजून ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. एकेक सोलून दिली. पोरांनी त्या लाकडी बैलांच्या पाठीवर वाळत घातल्या अन् पुढच्या घरी निघाले.