‘दोन वेळा थोडंसं’ म्हणजे नेमकं किती? उपवासकाळाचा माझा अनुभव

आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ (लेंट) ईस्टरच्या आधी येतो आणि राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या बुधवारी कपाळावर राख लावून घेणं, शुक्रवारची क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपाशी करायची प्रार्थना), पापनिवेदन या गोष्टी वेळेवर चर्चला पोचलं की होतात. अडतं ते घरी, ताटाशी. दरवर्षी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पत्रकात तीच एक ओळ छापून येते : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, एक वेळ पूर्ण जेवण, दोन वेळा अल्पाहार. अल्प म्हणजे किती, हे कुणी लिहीत नाही. विचारायला गेलं तर ‘स्वतःच्या विवेकाला विचारा’ एवढंच सांगतात. विवेकाला विचारायचंच, पण आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना. दुपारी चारला पोटात कावळे ओरडायला लागले की तो आपल्याला हवं तेच उत्तर देतो.

ही ओळ मोघम का आहे, ते समजून घेतल्यावर माझा राग थोडा कमी झाला. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपवासाचे नियम नव्याने घालून दिले. त्यात पूर्ण जेवण एकच, पण सकाळ-संध्याकाळ थोडं खायला हरकत नाही, आणि ते किती व काय हे स्थानिक रीतीप्रमाणे ठरवावं, असं आहे. म्हणजे माप रीतीवर सोडलेलं आहे, आणि आपल्याकडे ती रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. अमेरिकेतल्या बिशपांनी निदान एक रेघ मारली : दोन्ही अल्पाहार मिळून एका पूर्ण जेवणाएवढे होता कामा नयेत. मी तीच रेघ धरते.

ती पाळायला दोन सारख्या ताटल्या लागतात. आदल्या रात्री पहिलीत दुसऱ्या दिवशीचं पूर्ण जेवण डोळ्यांसमोर आणायचं. माझ्या बाबतीत तांदळाच्या दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, वाटीभर भात, भाजी. सकाळ आणि संध्याकाळ मिळून जे खायचं ते सगळं दुसऱ्या ताटलीत बसलं पाहिजे, आणि ताटलीचा तळ दिसत राहिला पाहिजे. सकाळी अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी आमटी, संध्याकाळी एक केळं आणि वाटीभर पेज, एवढं ठेवलं की तळ दिसतो. पेजेऐवजी आणखी एक भाकरी ठेवून पाहा, लगेच झाकला जातो.

ताटली फसवते ती तेलकट पदार्थांपाशी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात १३०च्या आसपास. मूठभर शेंगदाणे ताटलीत दिसतही नाहीत, पण जेवणाचं काम करून जातात. म्हणून तळलेलं, शेंगदाणे, सुका मेवा अल्पाहारात नाही. साबुदाण्याच्या खिचडीचंही तेच. शेजारपाजारचे प्रेमाने आणून देतात, पण आपला उपवास पदार्थांचा नाही, मापाचा आहे. मांसाहार वर्ज्य हा वेगळा नियम. तो १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला शुक्रवारी लागू असतो आणि त्यात मासे, अंडी, दूध चालतं. वसईत मग शुक्रवारी पापलेट आणि कोळंबीचा बेत होतो. नियम मोडत नाही, पण प्रायश्चित्त कुठे राहिलं? मी शुक्रवारी मासेही घेत नाही. हे माझं मत आहे, बंधन नव्हे.

पूर्ण जेवण कधी घ्यायचं? दुपारी एकला. संध्याकाळसाठी राखलं की सकाळची अर्धी भाकरी फार लांब ताणावी लागते, आणि साडेसातला बसल्यावर पहिली ताटली दुप्पट होते. संध्याकाळच्या अल्पाहाराचा उगमही हेच सांगतो. मठांत दिवसाला एकच जेवण असायचं. संध्याकाळच्या वाचनाच्या वेळी मठवासीयांना आधी नुसतं पेय आणि पुढे भाकरीचा तुकडा घ्यायची मुभा मिळाली, अंगमेहनतीनंतर त्राण राहावं म्हणून. त्राण राहील एवढंच, हेच त्या ‘अल्प’चं माप.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : चहा. राखेच्या बुधवारी चार कपांवरून एकदम शून्यावर आलात तर डोकं धरतं आणि लोक त्याला भूक समजतात. ते कॅफिन सुटल्याचं दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी वाढतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. आठ दिवस आधीपासून दर दोन दिवसांनी एक कप कमी करा.

नियमाने उपवास हे दोनच दिवस, आणि तो १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. बाकीचे दिवस आपण होऊन करायचे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात. सहा रविवार वगळले की चाळीस. रविवारी उपवास करू नका, तो पुनरुत्थानाचा दिवस आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर जेवण तोडायचं नाही. टीव्ही सोडा, गोड सोडा.

गुड फ्रायडेला पाणी पीत राहा. पाणीसुद्धा वर्ज्य करून उन्हात क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांना उभे राहणारे बरेच असतात, आणि घेरी येते ती त्यांनाच. चर्चच्या आजच्या नियमात पाणी बंद नाही. कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेण्याआधीच्या एका तासाच्या उपवासातही पाणी आणि औषध चालतं. घरून निघताना दोन पेले, चिमूटभर मीठ घालून. तोंड धुवा, केस विंचरा. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू हेच सांगतो : उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस.

त्याच अध्यायात दानधर्म आणि प्रार्थना उपासाच्या आधी येतात. ताटातून कमी केलेलं घरातच राहिलं तर ती नुसती बचत झाली. मिझोरमच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, तीच रीत मी उचलली आहे. रोजचे १०० ग्रॅम तांदूळ वेगळ्या डब्यात, चाळीस दिवसांचे चार किलो. किडे लागू नयेत म्हणून आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. डबा ईस्टरनंतर नव्हे, पवित्र गुरुवारीच एखाद्या गरजू घरी पोचवा, म्हणजे त्या घरीही सणाच्या दिवशी भात शिजेल.