टोपीचा फोटो पुरेसा नसतो

बागेतल्या अळंबीचा वरून काढलेला एकच फोटो पाहून ओळख पटत नाही. किमान चार हवेत: वरून, बाजूने, टोपीखालच्या पात्यांचा आणि देठाच्या बुडाचा. प्रमाण कळायला शेजारी नाणं ठेवा. कॅमेरा जमिनीलगत, छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. पांढरी टोपी फोटोत हमखास जळते (तपशील जाऊन पांढरीफटक येते), म्हणून एक्स्पोजर थोडं उणे करा. फ्लॅशऐवजी पांढऱ्या कागदाने पात्यांवर उजेड परतवा.

देठ मधेच तोडू नका. अमानिटा या अळंबीगटाची (यात अतिविषारी जातीही येतात) बुडाभोवतीची पिशवी मातीखाली असते, आणि तीच तर खरी खूण! उपटायची परवानगी नसेल तर बुडाची माती हलकेच सारून फोटो घ्या, मग परत लोटा.

पात्यांचा रंग मात्र फसवतो. हिरवळीवरच्या विषारी क्लोरोफिलम मॉलिब्डायटीसची पाती कोवळेपणी पांढरीच असतात. टोपीतून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा मात्र हिरवट येतो. त्यासाठी टोपी, पाती खाली करून, अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या कागदावर ६ ते १२ तास वाटीखाली झाका. फार कोवळी किंवा सुकलेली टोपी ठसा देत नाही.

शेजारचं झाडही टिपा. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपचं उत्तर हा फक्त अंदाज. त्यावर विसंबून काहीही खाऊ नका.