घोडागाडीच्या जमान्यातला हायवे धाबा
अमेरिकेत पिट्सबर्गहून सव्वा-दीड तासावर फोर्ट नेसेसिटी हा किल्ला आहे, १७५४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन (पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष, तेव्हा ब्रिटिशांकडून लढणारा तरुण अधिकारी) फ्रेंचांना शरण गेला ती जागा. आज तिथे जाऊन आलो पण खरी मजा आली ती टेकडीवरच्या माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्नमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जुन्या खाण्या-राहण्याच्या जागेत. नॅशनल रोड या हमरस्त्यावरून स्टेजकोच (प्रवासी घोडागाड्या) धावायच्या त्या काळातलं, १८३० च्या आसपासचं विटांचं घर, आता म्युझियम केलंय. खाली पुरुषांची बाररूम, बायकांसाठी वेगळा पार्लर (आपल्याकडची 'फॅमिली रूम' हो!) आणि वर झोपायच्या खोल्या, त्या काळात म्हणे एकाच पलंगावर अनोळखी लोक चक्क शेजारी शेजारी झोपायचे. बायको म्हणाली, दिवसभर गाडीत आदळून आल्यावर शेजारी कोण आहे हे बघायला जागं कोण राहतंय. १८५० च्या दशकात रेल्वे आली नि धंदा बसला, मग कितीतरी वर्षं ते कोणाचं तरी राहतं घर होतं. रस्ता अजून चालूय, रूट ४०. कोणी इकडे येणार असेल तर सांगा, मी परत यायला तयार आहे 😄