चाकण की भोसरी, आणि मग मशिनी कुठं लावायच्या? गाळा बदलतानाचा माझा अनुभव

आमचं छोटं मशीन शॉप आहे, सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं काम) आणि थोडं व्हीएमसीचं, म्हणजे उभ्या मिलिंग मशीनचं काम, बहुतेक माल ऑटो पार्ट्सचा. भोसरीतला भाड्याचा गाळा पुरेना, नवीन मशिनी यायच्या होत्या, म्हणून जागा शोधायला लागलो. जो भेटेल तो म्हणायचा चाकणला जा, कस्टमर तिकडं आहे. ते खरंही होतं, आमचे मोठे कस्टमर चाकणचेच, आणि तिथंच म्हाळुंगेकडं नवी कोरी शेड मिळत होती, उंची चांगली, फ्लोअरिंग चांगलं, भाडंही जमण्यासारखं.

मी मात्र आधी आमचा सगळ्यात जास्त चालणारा शाफ्ट घेतला आणि तो बार म्हणून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठं कुठं फिरतो ते कागदावर लिहून काढलं. टर्निंग झालं, हीट ट्रीटमेंटला बाहेर गेला, परत आला, ग्राइंडिंग झालं, प्लेटिंगला बाहेर गेला, परत आला, इन्स्पेक्शन, पॅकिंग आणि मग चाकण. म्हणजे कस्टमरकडं टेम्पो एकदाच जातो, पण जॉबवर्कसाठी माल दोनदा जातो दोनदा येतो, आणि ते दोन्ही जॉबवर्कवाले भोसरीत. चाकणला गेलो असतो तर एक खेप जवळ आली असती आणि चार लांब गेल्या असत्या, त्यापण पुणे-नाशिक रोडच्या ट्रॅफिकमधून. मोशीच्या पुढं संध्याकाळी काय अवस्था असते ते रोज जाणाऱ्याला विचारा, अंतर वीसेक किलोमीटर पण वेळेचा काही भरवसा नाही.

भोसरीत हे सगळं हाताशी मिळतं ते उगाच नाही. एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली, शेजारी पिंपरी-आकुर्डीला टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज उभे राहिले, त्यांना लागणारं बारीकसारीक काम करणारे लोक एकेका गाळ्यात बसत गेले. वायरकट, टूल रिग्राइंडिंग, गेज कॅलिब्रेशन, सगळं टू व्हीलरवर जाऊन यायच्या अंतरात. भाड्याच्या रेटमध्ये ही किंमत दिसत नाही.

आणि माणसं. आमची पोरं दिघी, आळंदी, मोशीला राहतात, इन्स्पेक्शनला बायका आहेत. मशिनी सेट करणाऱ्या जुन्या सेटरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मी येईन हो, पण ताया सेकंड शिफ्ट सोडतील, रात्री तिकडून घरी कसं यायचं त्यांनी?" पार्ट हातात घेतल्याबरोबर बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळ, कुठं राहिलीये हे ज्यांना कळतं ती माणसं गेली तर नवीन शेड काय कामाची.

तरी सगळं तक्त्यात मांडलं. शंभरपैकी माणसं ३०, जॉबवर्क २५, वीज २०, कस्टमरचं अंतर १५, भाडं १०. हे आकडे जागा बघायला जायच्या आधीच लिहून ठेवा, चकचकीत शेड बघून आलं की नको त्या गोष्टीला मार्क वाढतात. भोसरीतलाच एक मोठा पण जुना गाळा वर आला.

चिखलीकडं एक स्वस्त शेड होती, ती जमिनीचा झोन बघूनच सोडली. तिथल्याच कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं शेडची केवढी पाडापाडी केली ते सगळ्यांनी बघितलंय. एमआयडीसीतला गाळा भाड्यानं घेताना मालकाकडं पोटभाड्याची परवानगी आहे का, महावितरणची जुनी थकबाकी आहे का आणि मंजूर लोड किती, हे टोकन द्यायच्या आधी बघायचं. एमपीसीबीच्या (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटचंही तेव्हाच विचारून घ्या.

लेआउटला तर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. रिचर्ड मुथरची पद्धत वापरली, कुठला विभाग कुणाजवळ हवा त्याला अक्षरं द्यायची, ए म्हणजे जवळ पाहिजेच आणि एक्स म्हणजे जवळ नकोच. वॉशिंग आणि इन्स्पेक्शन ए. ग्राइंडिंग आणि सीएमएम (पार्टची बारीक मापं घेणारं मशीन) एक्स. शेजारी पॉवर प्रेस चालतात म्हणून ग्रॅनाइट प्लेट आणि मायक्रॉनचा डायल घेऊन गेलो, मागच्या कोपऱ्यात प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला काटा थरथरत होता, पुढं शटरजवळ स्थिर. सीएमएमची खोली तिथंच पुढं ठरली, आत एसी लावून २० डिग्री ठेवायचं. शटर एकच, रस्त्याच्या बाजूला, म्हणून माल यू आकारात फिरवला, डाव्या भिंतीनं आत आणि उजवीकडून बाहेर. बारची रॅक शटरला लागून डावीकडं, तीन मीटरचा बार पॅसेजमध्ये वळवायला लागूच नये.

मग मोकळ्या गाळ्यात चुन्यानं मशिनी खऱ्या मापात आखल्या, चिप कन्व्हेयर, बार फीडर, पॅनलचं उघडं दार सगळं धरून, आणि ऑपरेटरना त्यात उभं करून चालायला सांगितलं. एका व्हीएमसीच्या पॅनलचं दार खांबामुळं अर्धंच उघडलं असतं, ती अख्खी ओळ दीड फूट पुढं घेतली. कागदावर ते कुणालाच दिसलं नव्हतं. कॉम्प्रेसर बाहेर, शेडखाली.

शिफ्टिंग दोन हप्त्यांत केलं, गुरुवारच्या सुट्टीला धरून. आधी थोडा जास्तीचा माल बनवून ठेवला, मग टर्निंगची अर्धी लाइन हलवली, ती चालू होऊन लेव्हलिंग आणि पहिला पीस ओके झाल्यावरच उरलेल्या मशिनींना हायड्रा क्रेन बोलावली. डिस्पॅच एकदाही चुकला नाही.