सहा विरुद्ध तीन

सरपंचावरच्या अविश्वास ठरावाची सभा म्हणजे तासाभराचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम त्याआधीचं. सदस्यांची नोटीस आली की सात दिवसांच्या आत तहसीलदाराने सभा बोलवायची, आणि एकूण एक सदस्याला त्याची नोटीस बजावायची. ठराव पुढे वरच्या दारात आपटतो तो बहुधा इथेच. सदस्य घरी नसतात. ते ‘सहली’ला गेलेले असतात, आमच्या नाशिककडून बहुधा सापुतारा, नाहीतर दमण. मग दाराला नोटीस डकवायची, पंच उभे करायचे, फोटो काढायचा. पंचाची सही किंवा वेळ लिहायची राहिली की हरलेली बाजू तेवढ्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे धावते. म्हणून तहसीलदार या नात्याने बजावणीचा प्रत्येक अहवाल मी स्वतः वाचते. कार्यालयात मला किचकट म्हणतात. म्हणोत.

हे गाव गोदाकाठचं, द्राक्षबागांचं. ग्रामपंचायत २०२१ ला निवडून आलेली, म्हणजे सरपंच थेट मतदारांतून नव्हे, सदस्यांमधून ठरलेला. नऊ सदस्य, त्यांत पाच महिला. सरपंचपद सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव. ठरावाच्या नोटिशीवर सहा सह्या होत्या आणि सगळ्यात वरची सही एका महिला सदस्याची.

आदल्या संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. “बंदोबस्त वाढवून देऊ का? लेडीज ऑफिसर आहात.” आमच्यात ३० टक्के आरक्षणातून आलेल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं संजय गांधी निराधारच्या टेबलावर बसवल्या गेल्या, वाळू आणि जमिनीची टेबलं पुरुषांकडे. काळजीचं कारण पुढे करूनच. मी म्हटलं, नेहमीइतका बंदोबस्त पुरे.

सहलीची गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दाराशी लागली. प्रत्येक बाईमागे नवरा नाहीतर दीर. हजेरीपटावर नाव असलेलाच आत, असं मी सांगितलं. एक जण म्हणाला, “मॅडम, आमच्या मंडळींना लिहिण्या-वाचण्याची अडचण आहे.” मंडळी बी.ए. झालेल्या होत्या. पुरुष बाहेर गेले आणि खिडक्यांशी गोळा झाले. खिडक्याही लावून घेतल्या. फेब्रुवारी असूनही आत घामाच्या धारा.

मग ठराव मांडणाऱ्या बाई उठल्या. हातात शाळेची दोनशेपानी वही. कुठल्या महिन्यात मासिक सभा झाली नाही, कुठल्या सभेचं इतिवृत्त नंतर लिहिलं, कुठलं बिल कामाआधी निघालं, सगळं तारीखवार. अशी तयारी मी वकिलांकडूनही क्वचित पाहिली आहे. शेवटी त्यांनी विचारलं, “सरपंचताईंनी फक्त एवढं सांगावं, डिजिटल सहीची डोंगल त्यांनी शेवटची कधी हातात धरली?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आता चेकने निघत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सह्या लागतात. ती पेनड्राइव्हएवढी वस्तू ज्याच्या खिशात, ग्रामपंचायत त्याची.

सरपंचताईंनी बंद खिडकीकडे पाहिलं. त्यांना बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे, असं मी सांगितलं. “आमचे हे सांगतील,” त्या म्हणाल्या. ते आत येऊ शकत नाहीत, असं मी म्हटल्यावर, “मग मला काही म्हणायचं नाही.”

गुप्त मतदानाची मागणी आली, ती मान्य केली. चिठ्ठ्या मोजल्या. बाजूने सहा, विरोधात तीन. नऊचे दोन तृतीयांश सहा. कुणीतरी आतून फोन केला असणार, कारण मी निकाल वाचण्याआधीच बाहेर फटाके सुरू झाले. मला कलम ३५ मोठ्याने वाचावं लागलं. पद स्त्रीसाठी राखीव आणि त्यावर स्त्रीच असेल, तर तीन चतुर्थांश मतं लागतात. नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात, म्हणजे सात. ठराव फेटाळला.

वहीवाल्या बाईंनी वाद घातला नाही. पुस्तक मागून घेतलं आणि ते कलम स्वतः वाचलं. “ही अट कुणासाठी घातली?” एवढंच विचारलं.

ती का घातली हे मला ठाऊक आहे. बाई सरपंच झाली आणि हिशेब विचारू लागली की सगळे एक होऊन तिला उतरवतात. माझ्या आधीच्या तालुक्यात पाण्याच्या टाकीचं बिल अडवणाऱ्या एक सरपंच याच अटीवर टिकल्या, तेव्हा मला कायद्याचा अभिमान वाटला होता. इथे त्याच अटीने सरपंचताईंच्या नवऱ्याची खुर्ची राखली, आणि गाव खरोखर चालवू शकणारी बाई हरली. निकाल बरोबरच होता. पुन्हा वेळ आली तर तोच देईन. तरी गिळवत नाही.

बाहेर पार्टी बदलून पुन्हा फटाके झाले. गुलाल सरपंचांच्या नवऱ्याला लागला. सरपंचताई आत हजेरीपटावर सही करत होत्या. नवऱ्याने माझे जाहीर आभार मानले, महिला भगिनींची लाज राखली म्हणून. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पोर्टलवर मथळा: महिला तहसीलदारांमुळे महिला सरपंच वाचल्या. सहा सदस्यांपैकी दोघांनी तर ‘बाईने बाईला सांभाळलं’ असा तक्रारअर्जच वर पाठवला. पुरुष तहसीलदार असता तर पावणेसातचे सहा झाले असते की काय!

३० जून २०२४ रोजी सुजाता सौनिक राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या, तेव्हा आमच्या ग्रुपवर रात्रभर पुष्पगुच्छ पडत होते. मीही टाकला, आनंदच झाला होता. पण डोक्यात ती डोंगलही होती.

वहीवाल्या बाई सभेनंतरच्याच आठवड्यात एकट्या कार्यालयात आल्या होत्या. दुसरा काही मार्ग आहे का, विचारायला. कलम ३९ सांगितलं: गैरवर्तनाची तक्रार, जिल्हा परिषदेमार्फत चौकशी, निर्णय नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे. त्यांनी ते वहीत उतरवलं आणि सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागितली. ती मी त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी द्यायला लावली, तर आमचा कारकून म्हणाला, “मॅडम, एवढी घाई कशाला, त्या हरलेल्या पार्टीच्या आहेत.” त्याला नियम वाचायला दिलेत.

तक्रार दाखल झाली आहे. चौकशी कुणाकडे जाते याकडे माझं लक्ष आहे. माझ्या अखत्यारीत ते येत नाही.