जर्मनीत नेट संपलं म्हणून हसू नका

"ताई, जर्मनीत राहतीस आणि नेट संपलं म्हणतीस?" धाकट्या चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर हे टाकलं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकांनीसुद्धा एक चेहरा टाकला. त्यांना स्टेटस कसं ठेवायचं हे मीच शिकवलंय, तरीही. म्हणून म्हटलं, ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा एकदा सविस्तरच लिहू.

घडलं ते एवढंच. जुलै संपत आला होता, कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि ग्रुपवर आमच्या सांगलीतल्या आयर्विन पुलाचे व्हिडिओ सुरू झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हापासून आमच्या घरात पावसाळाभर सगळे फुटांत बोलतात. इशारा ४० ला आणि धोका ४५ ला, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मी स्टुटगार्टहून ऑफिस सुटल्यावर ट्रेनने घरी निघाले होते. पुलावरचा एक व्हिडिओ पाहिला. तोच मावशीने पाठवला, मग मावशीच्या जावेने. एवढ्यात मोबाइल कंपनीचा मेसेज आला: या महिन्याचा डेटा संपला, इथून पुढे वेग ६४ केबीपीएस.

६४ केबीपीएस म्हणजे एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांच्या वर. मेसेज येत होते, त्यामुळे पातळी किती फूट ते वाचता येत होतं, पण पाणी काही दिसत नव्हतं. घरी वायफायला मर्यादा नाही, पण घर चाळीस मिनिटांवर होतं आणि जीव सांगलीत अडकला होता.

आता भावाला उत्तर. अरे, तुझा डेटा नळाच्या पाण्यासारखा आहे, रोज ठरल्या वेळी येतो. आज दीड जीबी उडवलास तरी रात्री बारानंतर नवा दीड जीबी हजर. इथे महिन्याची टाकी एकदाच भरून मिळते, ती कशी पुरवायची ते तुमचं तुम्ही बघा. अमर्याद डेटाचे प्लॅन इथेही आहेत, पण ते पैसे घरच्या वायफायवर एकदा मोजल्यावर पुन्हा फोनवर मोजायला हात धजत नाही. त्यामुळे माणूस आपोआप हिशोबी होतो. नकाशे घरूनच उतरवून घ्यायचे, गाणी वायफायवर असताना साठवायची, व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद. ट्रेनमध्ये निम्मे लोक पुस्तक वाचताना दिसतात, त्याचं मला आधी फार कौतुक वाटायचं. वाचनसंस्कृती वगैरे. आता वाटतं, त्यातले काही जण माझ्यासारखेच महिनाअखेरीला आलेले असतील. शिवाय स्टेशन सोडून गाडी जरा शेतात शिरली की बऱ्याच ठिकाणी रेंजच जाते. आपल्याकडे टाकळीच्या रानात फोर-जी पकडतं आणि मर्सिडीजच्या गावाबाहेर, म्हणजे स्टुटगार्टबाहेर, फोन नुसता गोल गोल फिरतो, हे मी स्वतः बघते आहे. ही गोष्ट मी ग्रुपवर अजून सांगितलेली नाही.

पैशाचंही सांगते, कारण काकांचा पुढचा प्रश्न तोच असणार. जुलै २०२४ ची दरवाढ धरून तुमच्याकडे २९९ रुपयांत २८ दिवस रोज दीड जीबी, म्हणजे ४२ जीबी. मी दहा युरो देते आणि मला त्याच्या निम्माही मिळत नाही. रुपयांत गुणाकार केलात तर हसाल, म्हणून करू नका. इथे २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, म्हणजे माझा रिचार्ज एका तासाच्या मजुरीच्या आत बसतो. सांगलीत मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्याला २९९ साठी किती तास घालवावे लागतात, ते एकदा विचारा. हे गणित मी माझ्या सोयीचं मांडलंय हे मान्य, पण चुकीचं नाही. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येण्याआधी आपण सगळेच महिन्याला एक जीबी जपून वापरत होतो. तेव्हा कोणी कोणाला हसत नव्हतं.

बाबांचा जुना राग म्हणजे २८ दिवसांचा महिना, वर्षात तेरा रिचार्ज. बाबा, इथले प्रीपेडवालेही चार आठवडेच मोजतात. त्या बाबतीत युरोप पुढे गेलेला नाही.

पण एका गोष्टीला सलाम. पूर्वी इथे मोबाइलचा दोन वर्षांचा करार करायचा आणि वेळेत नोटीस दिली नाही तर तो आपोआप आणखी वर्षभर वाढायचा. डिसेंबर २०२१ पासून कायदा बदलला. पहिली मुदत संपली की एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. जुलै २०२२ पासून तर ऑनलाइन विकलेला करार रद्द करायचं बटण वेबसाइटवर ठेवणं सक्तीचं आहे. मी ते वापरलं. कुणीही फोन करून "मॅडम, का सोडताय?" विचारलं नाही, फक्त पोचपावतीचा ईमेल आला. पोर्ट करताना आपल्याकडे जे लाडीगोडीचे फोन येतात ते आठवून मला अगदी भरून आलं. अर्थात सिमकार्ड घेताना एवढा सुळसुळीत कारभार नव्हता. ओळख पटवायला पासपोर्ट घेऊन पोस्टात रांगेत उभी राहिले होते.

शिकायला येणाऱ्यांसाठी एवढंच: पहिल्या महिन्यात दोन वर्षांचा करार करू नका. स्वस्त ब्रँड ढीगभर आहेत, पण नेटवर्क मोजकीच. आपल्या घरात आणि रोजच्या ट्रेनमध्ये कोणतं चालतं ते शेजाऱ्याला विचारून मग ठरवा. फ्रान्सला गेलात तर तोच डेटा चालतो, युरोपियन युनियनमध्ये २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे नाहीत. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तेव्हा बासेल यायच्या आत प्लॅन तपासा.

आणि हो, माझं भारतातलं कार्डही चालूच आहे, बँकेच्या ओटीपीसाठी. भाऊ विश्रामबागच्या दुकानातून दर २८ दिवसांनी २९९ चा मारतो. तो डेटा इथे चालत नाही, त्यामुळे रोज दीड जीबी तसाच वाया जातो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, आदेशानंतर २०२५ पासून डेटा नसलेले पॅक आलेत, त्यातला घे म्हणून त्याला सांगितलं. तो म्हणतो, "असू दे की ताई, २९९ चा लक्षात राहतो."